आंब्याला दम

चंद्रशेखर मिठबावकरांच्या हातून आयुष्यात चूक अशी झालीच नव्हती, निदान कागदावर तरी. सिंगापुरातल्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत ते चोवीस वर्षं अंतर्गत तपासणीच्या खात्यात होते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतक्या हौसेनं केलं की निरोप समारंभाला अख्खा मजला लोटला. एवढे लोक प्रेमापोटी आले अशी त्यांची समजूत आहे आणि ती अजून कुणी दूर केलेली नाही.

निवृत्तीनंतर चुका शोधायला उरलं फक्त घर. बेडोकला तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. पहिल्या महिन्यात त्यांनी मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांचा क्रम बदलला. दुसऱ्या महिन्यात वॉशिंग मशीनचं माहितीपुस्तक वाचून काढलं आणि गेली नऊ वर्षं या घरात कपडे चुकीचे धुतले जात आहेत असं जाहीर केलं. तिसऱ्या महिन्यात क्षिप्राबाईंनी हात जोडले.

"अहो, खाली बाग आहे. तिथे जा. झाडं उलट बोलत नाहीत."

बाग ब्लॉकच्या मागे होती, सगळ्या रहिवाशांची मिळून. कुणाची वांगी, कुणाच्या मिरच्या, कुणाचा कढीपत्ता, आणि कुंपणाच्या कडेला ओळीनं तीन आंबे. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लावलेले. झाडं अंगापिंडानं चांगली भरलेली, सावली दाट, पानं कशी तेल लावल्यासारखी. फळाच्या नावानं मात्र शंख. वर्षाला चारदोन कैऱ्या धरायच्या, त्याही खारी पळवायच्या.

चंद्रशेखररावांचं गाव देवगड तालुक्यातलं मिठबाव. आंब्याचं झाड असून आंबा नाही हा त्यांना जवळजवळ घराण्याचा अपमान वाटला. सिंगापुरात बारा महिने एकच हवा, मोहोर यायला झाडाला थोडं कोरडं पडावं लागतं, थोडा गारठा लागतो, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पण कारण ठाऊक असलं म्हणून राग कमी होतोच असं नाही. त्यातून मधला आंबा त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच. सकाळी चहा घेताना तो दिसायचा आणि त्यांना बँकेतले ते लोक आठवायचे, जे नऊला येऊन खुर्चीवर कोट टांगायचे आणि नुसतेच छान दिसायचे.

असल्या झाडावर त्यांच्या गावात एक उपाय होता. जो आंबा धरत नाही त्याला दम द्यायचा. त्याला दोन माणसं लागत. एकानं कुऱ्हाड घेऊन झाडापुढे उभं राहायचं, डोळे वटारून विचारायचं, "यंदा देणार आहेस की तोडू तुला?" आणि खोडावर घाव घालायचे. मग दुसऱ्यानं धावत येऊन त्याचा हात धरायचा आणि झाडाची बाजू घ्यायची, "नको, यंदा राहू दे. पुढच्या वर्षी देईल, मी शब्द देतो." झाड ऐकतं, घाबरतं आणि मुकाट्यानं मोहोरतं. नऊ वर्षांच्या चंद्रशेखरनं हा प्रकार लांबून, पडवीतून पाहिला होता. वडील, म्हणजे अण्णा, दम देत होते, काका मध्यस्थी करत होते, आणि पुढच्या वर्षी ते झाड खरंच लगडलं होतं.

मध्यस्थीचं काम त्यांनी आधी बायकोला देऊ केलं.

"मी केमिस्ट्रीत एमएस्सी आहे," क्षिप्राबाई म्हणाल्या. "सकाळी सकाळी झाडापुढे नाटक करणार नाही. आणि सिंगापूरच्या झाडाला मराठी कळतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

पहिला मुद्दा चंद्रशेखररावांनी सोडून दिला, दुसरा मात्र त्यांना पटला. त्यावर विचार करत ते खालच्या कॉफीशॉपमध्ये गेले. तिथे मिस्टर कोह बसले होते. मिस्टर कोह त्याच मजल्यावर चार दारं सोडून राहत. वय बहात्तर, सगळी उमर बस चालवण्यात गेलेली, आणि आता दुसऱ्यांना चालताना बघण्यात जात होती. त्यांनी सगळी योजना शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि कोपीचा, म्हणजे तिथल्या गोड कॉफीचा, कप खाली ठेवला.

"सो यू बॅड कॉप, मी गुड कॉप?"

"एक्झॅक्टली."

"कॅन," मिस्टर कोह म्हणाले, म्हणजे ठरलं.

कुऱ्हाड नव्हती, पण नारळ फोडायचा कोयता होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी सामानाच्या कंटेनरमधून पोळपाट आणि पुरणयंत्राबरोबर तोही समुद्र ओलांडून आला होता. सिंगापुरात हातात कोयता घेऊन लिफ्टमधून उतरलेला माणूस घरी परत येईलच असं नाही, म्हणून चंद्रशेखररावांनी तो योगाच्या चटईत गुंडाळला. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या बाई भेटल्या आणि या वयात योगा सुरू केल्याबद्दल त्यांनी त्यांचं कौतुक केलं. ते त्यांनी नम्रपणे स्वीकारलं.

सकाळचे साडेसहा. बागेत चिटपाखरू नव्हतं. चंद्रशेखरराव मधल्या आंब्यापुढे उभे राहिले, चष्मा सावरला आणि वडिलांच्या आवाजात गरजले, "यंदा देणार आहेस की तोडू तुला?" कुठलंही काम अर्धवट करायचं नाही हा त्यांचा बाणा. गुडघ्यापासून छातीपर्यंत, अर्ध्या अर्ध्या वितीचं अंतर राखून, त्यांनी कोयत्याचे सात घाव घातले. पातं सालीत चांगलं रुतत होतं आणि प्रत्येक घावातून चीक येत होता. सातव्या घावाला मिस्टर कोहनी त्यांचं मनगट धरलं.

"आयाह, डोन्ट कट लाह. धिस ट्री व्हेरी यंग. नेक्स्ट इयर शुअर हॅव." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "इनफ ऑलरेडी. यू वॉन्ट स्केअर ऑर यू वॉन्ट फर्निचर?"

आणि काय सांगावं, चार महिन्यांनी मधला आंबा मोहोरला. असा मोहोरला की पान दिसेना. मागाहून फांद्या वाकल्या, त्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. शेजारचे दोघे पूर्वीसारखेच हात हलवत उभे. ब्लॉकमधल्या प्रत्येक घरी आंबे गेले. क्षिप्राबाईंनी लोणचं घातलं, पन्हं केलं, मजल्यावरच्या चिनी, मलाय, तमिळ सगळ्या घरांत बाटल्या पोचवल्या. चंद्रशेखररावांना लोक 'मँगो अंकल' म्हणू लागले. बागेच्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आपसूक चालत आलं.

यशाचं रहस्य विचारलं की ते थोडा वेळ दूर कुठेतरी बघत आणि म्हणत, "केळ्याच्या सालीचं पाणी." मिस्टर कोह शेजारी बसून गंभीरपणे मान डोलवत. अख्खा ब्लॉक केळी खाऊ लागला. साली भिजवलेल्या उघड्या बादल्यांत डास होतील म्हणून झाकणं लावण्याची नोटीस काढावी लागली. तीही अध्यक्षांनीच काढली.

दुसऱ्या वर्षी मधल्या आंब्याची साल काळी पडू लागली. आधी डाग, मग डागातून तांबूस डिंक, मग साल आत बसून तिला भेगा. एका बाजूची पानं करपली, पण गळेनात, तशीच लोंबकळत राहिली. चंद्रशेखररावांच्या अंगात बँक संचारली. हा घातपात आहे, त्यांनी ठरवलं. नोटीस बोर्डावर इंग्रजीत कागद लागला: झाडाला इजा करताना कुणी कुणाला पाहिलं असल्यास कळवावं, नाव गुप्त राखलं जाईल. खाली स्वतःचा मोबाइल नंबर.

दुपारी फोन वाजला.

"हॅलो, आय वॉन्ट टू रिपोर्ट," पलीकडून आवाज आला. "आय सॉ द पर्सन. इंडियन मॅन. स्पेक्टॅकल्स. कॅरी योगा मॅट."

"मिस्टर कोह, चेष्टेची वेळ नाही," चंद्रशेखरराव करड्या आवाजात म्हणाले. "आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असं करतात. आजवर एक झाड मेलेलं नाही."

पण फोन ठेवल्यावर त्यांना चैन पडेना. त्यांनी गावी फोन लावला. चुलतभाऊ दिलीप अजून मिठबावलाच होता, कलमं सांभाळून. चंद्रशेखररावांनी हवापाण्याचं विचारलं, तब्येतीचं विचारलं, आणि मग सहज आठवल्यासारखं करून विचारलं, की अण्णा आंब्याला दम द्यायचे तेव्हा घाव साधारण किती खोल घालायचे?

"खोल?" दिलीप म्हणाला. "शेखर, अरे कुऱ्हाडीची उलटी बाजू मारायची असते. बोथट बाजू. नुसता आवाज व्हायला हवा. पात्यानं कोण मारेल? साल फाटली तर रोग शिरेल ना झाडात." मग त्यानं विचारलं, "का रे? तू काय केलंस?"

"काही नाही. इथे एकजण विचारत होता," चंद्रशेखरराव म्हणाले. पडवीतून, लांबून बघणाऱ्या नऊ वर्षांच्या पोराला कुऱ्हाडीची कुठली बाजू दिसणार?

त्यानंतर आठवडाभर ते मूग गिळून बसले. मिस्टर कोह रोज सकाळी कॉफीशॉपमध्ये त्यांच्यासमोर येऊन बसत, झाडाकडे बघत, मग चंद्रशेखररावांकडे बघत, आणि काया टोस्टची, म्हणजे नारळाचा जॅम लावलेल्या पावाची, ऑर्डर चंद्रशेखररावांच्या नावावर देत.

समितीनं झाडं तपासायला एक बाई बोलावल्या होत्या. मिस लिम, तिशीतली, कमरेला पट्टा, पट्ट्याला बारीक पाती आणि भिंग. ती अर्धा तास तिन्ही झाडांभोवती फिरली. मधल्याची साल तिनं जरा खरवडली, खालचं लाकूड तपकिरी काळं निघालं.

"बुरशी आहे," ती म्हणाली. "सालीतून शिरते आणि आतल्या आत पाण्याची वाट बंद करते. ही काही खास वाईट बुरशी नाही, इथल्या हवेत असतेच. प्रश्न झाडाचा असतो. मी इंग्लंडमध्ये तीन वर्षं ओकच्या सालीवर काम केलं. एका ओळीतले ओक, बुरशी तीच. एकावर नुसते डाग पडायचे, शेजारचा दोन वर्षांत वाळायचा. जो वाळायचा त्याच्या बाबतीत आधी काहीतरी झालेलं असायचं. पाणी तुटलेलं असायचं, किडे लागलेले असायचे, नाहीतर माणूस लागलेला असायचा."

"आणि इथे?" चंद्रशेखररावांनी विचारलं. अध्यक्ष म्हणून विचारणं भागच होतं.

"इथे साल इतकी कुजली आहे की मूळ जखम कशाची ते सांगता येत नाही. माणसानं केली असेल तर हे एकच झाड गेलं, बाकीची दोन वाचतील. पण खोडात भोकं पाडणारे बारीक भुंगेरेही अशी जखम करतात. ते बुरशी अंगावर घेऊन एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. तसं असेल तर मी वाट बघू शकत नाही. रस्त्यापलीकडे आणखी आंबे आहेत. शुक्रवारपर्यंत माहिती मिळाली नाही, तर तिन्ही तोडायची शिफारस करीन."

त्या रात्रीचं जेवण चंद्रशेखररावांनी न बोलता उरकलं. भाजीत मीठ जास्त होतं, तेसुद्धा ते बोलले नाहीत. क्षिप्राबाई घाबरल्या आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग चंद्रशेखररावांनी सगळं सांगितलं, दिलीपच्या फोनपर्यंत.

"म्हणजे तुम्ही बोलला नाहीत तर तिन्ही जाणार," क्षिप्राबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि बोललात तर?"

"बोललो तर मी जाणार," चंद्रशेखरराव म्हणाले. आणि ते खरं होतं. चोवीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांना खाली मान घालायला लावली, त्यांना स्वतःची मान खाली कशी घालतात याची सवयच नव्हती. लोक हसतील हीच त्यांना धास्ती होती.

शुक्रवारी संध्याकाळी बागेतच सभा भरली. पंचवीसएक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, मिस लिम वही घेऊन. चंद्रशेखररावांनी मागल्या सभेचा वृत्तांत वाचला, तो मंजूर करून घेतला, कारण काही झालं तरी ते व्हायलाच हवं. मग घसा साफ करून म्हणाले, "झाडाला जखमा मी केल्या. कोयत्यानं. सात."

कुणी हसलं नाही. उलट पाचव्या मजल्यावरच्या बाईंचे डोळे भरून आले.

"मिस्टर शेखर, यू आर सच अ गुड मॅन," त्या म्हणाल्या. "झाडं वाचवायला खोटा आळ अंगावर घेताय."

टाळ्या पडल्या. एक तमिळ आजोबा उठून त्यांचा हात हलवून गेले. चंद्रशेखरराव कळवळून सांगू लागले, की नाही हो, खरंच मी, तसं टाळ्या आणखी वाढल्या. मिस लिमनं वही मिटली.

"अंकल, तुमची भावना मी समजू शकते," ती म्हणाली. "पण मला वस्तुस्थिती हवी."

सगळ्या नोकरीत त्यांनी कित्येकांची कबुली पुराव्याअभावी फेटाळली होती. आता पुरावा त्यांनाच द्यायचा होता. ते वर गेले, चटई घेऊन आले आणि सगळ्यांसमोर ती उलगडली. कोयता खणकन बागेतल्या फरशीवर पडला. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी खुर्ची मागे सरकवली.

"अँड आय अ‍ॅम द विटनेस," मिस्टर कोह उठून म्हणाले. "अ‍ॅक्च्युअली, को-स्टार."

मग जे झालं ते बेडोकमध्ये अजून सांगतात. मिस लिमनं कोयता बाजूला ठेवला आणि कसं केलं ते दाखवा म्हणत चंद्रशेखररावांच्या हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र दिलं. त्यांनी झाडापुढे उभं राहून, पंचवीस माणसांच्या देखत, आंब्याला दम दिला. आवाज आधी चिरकला, पण तिसऱ्या घावाला चढला. प्रत्येक घाव बरोबर एकेका काळ्या डागावर पडत होता, गुडघ्यापासून छातीपर्यंत, अर्ध्या अर्ध्या वितीवर, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. सातव्याला मिस्टर कोहनी मनगट धरलं आणि आपलं वाक्य टाकलं. लोकांना आधी कळेना, मग जे हसू फुटलं ते आवरेना. तमिळ आजोबा हसता हसता खुर्चीवरून घसरले. मिस लिमसुद्धा वहीआड तोंड लपवून हसत होती, आणि हसत हसतच तिनं सातही डागांची उंची लिहून घेतली.

"केळ्याच्या साली?" पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं. त्या हसत नव्हत्या. वर्षभर त्यांनी आवडत नसताना केळी खाल्ली होती.

"ते खोटं होतं," चंद्रशेखरराव म्हणाले.

अध्यक्षपद त्याच सभेत गेलं. बागेत हत्यार घेऊन येण्याची त्यांना मनाई झाली, खुरपीसुद्धा नाही. मिस लिमनं शिफारस लिहिली: मधलं झाड मुळासकट काढावं, मुळांच्या मध्ये चर खणावा, बाजूची दोन्ही ठेवावीत. चंद्रशेखररावांनी खाली सही केली. मनावरचा धोंडा उतरला. दोन झाडं वाचली होती, लोक हसले होते, आणि ते मेले नव्हते.

मंगळवारी करवतवाले आले. चंद्रशेखरराव कुंपणाबाहेर उभे राहून पाहत होते. मधल्या आंब्याचा बुंधा जमिनीवर आला तेव्हा कापलेल्या गोलात काळे पट्टे दिसत होते, बाहेरून आत गेलेले. मिस लिम त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली.

"त्या वर्षी याला खूप फळं आली होती म्हणे," ती म्हणाली.

"खूप. सगळ्या ब्लॉकला पुरली." जरा ताठ होऊन ते म्हणाले, "काहीही म्हण, दम द्यायची पद्धत तशी लागू पडली."

"भीतीनं नाही आली ती, अंकल. सालीला तेवढं लागलं की झाडाला कळतं, आपण आता राहत नाही. मग ते जवळ असेल नसेल तेवढं सगळं फळात घालतं. आपण गेलो तरी बी मागे राहावी म्हणून. ओकही तसंच करतात. मरायच्या आधीच्या वर्षी खाली पाय ठेवायला जागा नसते इतकी फळं पडलेली असतात."

ती करवतवाल्यांकडे गेली. चंद्रशेखरराव तिथेच उभे राहिले. तो हंगाम त्यांना आठवत होता, बांबूचे टेकू, वाकलेल्या फांद्या, प्रत्येक दारात आपण हसत हसत दिलेली पिशवी. इतका वेळ त्यांना लोकांची लाज वाटत होती. आता झाडाची वाटली, आणि ती कितीतरी जास्त होती.

दुपारी जेवायला बसले तर ताटात पुऱ्या होत्या आणि वाटीत आमरस. फ्रीजरच्या तळाशी त्या वर्षीचा एक डबा शिल्लक राहिला होता, तो क्षिप्राबाईंनी आजच काढला होता. खिडकीतून आता समोरचा ब्लॉक थेट दिसत होता आणि स्वयंपाकघरात नको इतका उजेड आला होता.

"टाकून द्यायचं माझ्या जिवावर आलं," क्षिप्राबाई म्हणाल्या. "नको असेल तर राहू दे."

त्यांनी मान हलवली आणि वाटी पुढे ओढली. एक पुरी संपली, दुसरी संपली. वाटीचा तळ त्यांनी बोटानं निपटून घेतला. मिठबावच्या आंब्याला मागे टाकेल असा हा रस नव्हता, पण त्याच्या मागे राहील असाही नव्हता. क्षिप्राबाई त्यांच्याकडे बघत होत्या. या माणसानं ताटात वाढलेल्या प्रत्येक पदार्थात काही ना काही खोट काढली होती, तीस वर्षं.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

चंद्रशेखररावांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

"आंबट असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले.